संकटांनी विश्वास वाढतो का?

मराठी ख्रिस्ती मंडळीत कुणाच्या घरी मृत्यू झाला, कुणाच्या लेकराला असाध्य आजार निघाला, कुणाची नोकरी गेली, की प्रार्थनासभेत एक विचार हमखास मांडला जातो. देव आपल्या लेकरांना परीक्षेतून नेतो आणि त्यातून त्यांचा विश्वास पक्का होतो, असे कुणीतरी सांगते. सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. त्या म्हणण्याला शास्त्राचा आधारही आहे. तरी कधी कधी ते ऐकून समोरची आई मान खाली घालते आणि पुढच्या रविवारपासून उपासनेला दिसत नाही. त्याच मंडळीत अशीही एखादी वयस्क बाई असते, जिने नवरा आणि तरणा मुलगा दोघेही गमावले आणि तरीही अडीअडचणीला लोक आधी तिच्याच दारात जातात. दुःख सारखेच. एक त्यात विझून गेली, दुसरी त्यातून अधिक प्रेमळ आणि अधिक खंबीर झाली. असे का घडते?

शास्त्र, आपल्याकडची आत्मचरित्रे, ईश्वरज्ञानाचे अभ्यासक आणि अलीकडचे मानसशास्त्र या साऱ्यांनी या प्रश्नाला हात घातला आहे. ते सगळे एकत्र ठेवून पाहिल्यावर माझे जे मत झाले, ते आधीच सांगतो. दुःखातून विश्वास आणि शील वाढते, हे खरे आहे. मात्र ती साक्ष देण्याचा अधिकार ज्याने भोगले त्याचा आहे. धडधाकट माणसाने तेच भोगणाऱ्याला ऐकवले, तर ती साक्ष राहत नाही. ते ओझे होते.

नव्या करारातली याविषयीची वचने आपल्याला पाठ आहेत. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल एक साखळी जोडतो: संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेले शील आणि शीलातून आशा. याकोब आपल्या पत्राच्या आरंभीच परीक्षांना आनंद मानायला सांगतो. पेत्र अग्नीत पारखलेल्या सोन्याचा दाखला देतो. इब्री लोकांस पत्र तर प्रत्यक्ष येशूविषयी म्हणते, की पुत्र असूनही तो सोसण्यातून आज्ञापालन शिकला. ही वचने कोण लिहीत होते आणि कुणासाठी, हे मात्र प्रवचनात फारसे सांगितले जात नाही. पौलाने फटके खाल्ले होते, तुरुंग भोगला होता, त्याचे जहाज फुटले होते. पेत्राचे वाचक परमुलखात पांगलेले, निंदा आणि छळ सोसणारे लोक होते. पौल ती साखळी जोडतो तेव्हा ‘आम्ही’ म्हणून बोलतो. सोन्याच्या दाखल्यालाही मर्यादा आहे. मुशीत सोन्याला काही कळत नाही. माणसाला कळते, तो ओरडतो, आणि त्या ओरडण्याला शास्त्रात जागा आहे.

ती जागा मोठी आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्यासोबत जमिनीवर मूकपणे बसून राहिले. त्यांनी केलेले शहाणपणाचे काम एवढेच. मग त्यांनी तोंड उघडले आणि अध्यायामागून अध्याय त्याच्या दुःखाची कारणे सांगितली. ईयोब देवाशी भांडत राहिला. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो मित्रांवर, आणि ईयोबच योग्य बोलला असा निवाडा देतो. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे कितीतरी आहेत. बहुतेक शेवटी आशेकडे वळतात, पण ८८वे स्तोत्र अंधारातच संपते आणि ज्यांनी ग्रंथ संकलित केला त्यांनी ते तसेच राहू दिले. वधस्तंभावर येशूच्या ओठी आले ते २२व्या स्तोत्रातले, देवाने टाकून दिल्याचे शब्द. जन्मांध माणूस पाहून हे कुणाच्या पापाचे फळ, असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने तो हिशेबच नाकारला. शिलोहाचा बुरूज कोसळून माणसे मेली, तेव्हाही ती इतरांपेक्षा पापी होती असे मानायला त्याने नकार दिला. पौलाच्या देहातला काटाही असाच. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे असे उत्तर मिळाले. पण पौलाने काट्याला चांगले म्हटलेले नाही. त्याने त्याला सैतानाचा दूत म्हटले आहे. आपल्या सांत्वनसभांत पहिल्या प्रकारची वचने वाचली जातात आणि ही दुसरी बाजू घरी मिटून ठेवलेल्या पुस्तकातच राहते.

आता मराठी मुलखाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात इथे ख्रिस्ती होणे म्हणजे संकट ओढवून घेणेच होते. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या आश्रयाला गेला. कोर्टाने मुलाला बापाच्या हवाली केले. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावे असा आग्रह धरला, त्यावरून मोठा वाद माजला. या सगळ्या गदारोळात त्या पोराच्या मनाचे काय झाले असेल, याचा विचार करणारे कमीच होते. थोरले नारायणराव पुढे जालन्याजवळ बेथेल ही वस्ती वसवून मांग-महार समाजांत काम करत राहिले. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ चा, बेळगावचा. ‘अरुणोदय’ या १८८८ च्या आत्मचरित्रात त्यांनी आपला मनाचा झगडा सविस्तर लिहिला. तिथे संकट दिसते ते आतले: पटलेली गोष्ट उघड बोलता न येण्याचे.

पण या प्रश्नावर मराठीतली सगळ्यात भारी साक्ष पंडिता रमाबाईंची आहे, आणि तिच्यापाशी थांबायलाच हवे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान होते. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवल्यामुळे त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. पुराणे सांगत, तीर्थयात्रा करत हे कुटुंब दक्षिणेत फिरत होते. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने त्यांना गाठले. जवळचे भांडीकुंडी, दागिने विकून संपले, मग पानांवर दिवस काढले. मजुरी करायची सवय नाही आणि भीक मागायची लाज. काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, मग बहीण गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायलाही पुरेशी माणसे मिळाली नाहीत. ती रमाबाईंना उचलावी लागली. उरलेला भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये बंगालात वारला. त्याच वर्षी रमाबाईंचे बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. हाती दहा महिन्यांची मुलगी मनोरमा होती आणि रमाबाईंचे वय होते अवघे तेवीस.

एवढ्या संकटांनी त्यांचा विश्वास वाढला का? पहिले उत्तर ‘नाही’ असेच आहे. लहानपणापासून ज्या देवतांची त्यांनी श्रद्धेने पूजा केली, व्रते केली, त्यांच्यावरचा विश्वास त्या दुष्काळानेच उडाला, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. दुःखाने आधी श्रद्धा मोडली. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्याआधी काही दिवसच सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा करुण अंत झाला होता. डॉक्टर व्हायचे मनात होते, पण ऐकू कमी येऊ लागले आणि तो मार्ग बंद झाला. मठातल्या सिस्टर जेरल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. बाई वडीलधाऱ्यांचे ऐकत नाहीत, अहंकारी आहेत, असा सिस्टरांचा सूर, आणि देवाने दिलेली बुद्धी मी कुणाकडे गहाण ठेवणार नाही, असा रमाबाईंचा. संकटाने माणूस नम्र होतो असे आपण सहज म्हणतो. रमाबाई नम्र झाल्या त्या देवापुढे. माणसांपुढे त्यांचा कणा अधिकच ताठ झाला. शीलाची वाढ म्हणजे नुसता सोशिकपणा असे मानणाऱ्यांनी ही पत्रे जरूर वाचावीत.

१८८९ मध्ये मुंबईत रमाबाईंचे विधवांसाठीचे शारदासदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. तिथल्या मुली ख्रिस्ती होतात या आरोपावरून १८९३ मध्ये वादळ उठले, सल्लागार मंडळातली पुण्या-मुंबईची मोठी माणसे बाजूला झाली. मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात अन्नावाचून तडफडणाऱ्या मुली पाहून त्यांना आपले जुने दिवस आठवले आणि त्या तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. केडगावच्या माळरानावर ‘मुक्ती’ उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना उभा केला, अंध मुलींना शिकवले. दुष्काळात आईबाप गमावलेली पोर बावीस वर्षांनी दुसऱ्या दुष्काळातल्या पोरींची आई झाली. स्वतःच्या जखमेची आठवण दुसऱ्याच्या भाकरीपर्यंत पोचली, ही विश्वासाच्या वाढीची खूण मी मानतो. त्या काळात आपल्याला किती आत्मिक सुख वाटले, यापेक्षा ही खूण मोठी.

आणखी एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आवरण्यासाठी सक्तीचे उपाय चालू असताना बायकांना कशी वागणूक मिळते, याविरुद्ध रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिले. गव्हर्नरने ते आरोप फेटाळले, तरी त्या मागे हटल्या नाहीत. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, रमाबाईही ख्रिस्ती होत्या. तरीही त्या बोलल्या. देवाची इच्छा म्हणून गप्प बसावे, असे त्यांना शास्त्राने शिकवले नव्हते.

१९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. जिच्या हाती काम सोपवायचे तीच गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवत होत्या. ते काम त्यांनी पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

लक्ष्मीबाई टिळकांची साक्ष अगदी वेगळी आहे. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्याने लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. म्हणजे इथे संकट आले ते नवऱ्याच्या विश्वासामुळेच. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी या ताटातुटीला कुठेही सोनेरी मुलामा दिलेला नाही. रडणे, राग, लोकांचे टोमणे, मुलाला घेऊन नातेवाइकांकडे काढलेले दिवस, सगळे जसेच्या तसे आहे; आणि त्यातच पानोपानी खळखळून हसू आहे. कितीतरी ख्रिस्ती चरित्रांत सोसणारा माणूस पुतळ्यासारखा वाटतो. लक्ष्मीबाई कुठेच तशा होत नाहीत. त्यांच्या विश्वासाचा टप्पाही मोठ्या आपत्तीच्या क्षणी आलेला नाही. नवऱ्याजवळ राहायला गेल्यावरही सोवळे त्यांनी कडकडीत पाळले. पुढे एकदा विचार करता करता त्यांना पटले, की जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे. आणि त्यांनी कुणाच्याही हातचे खायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा. बदल घडला तो मोडलेला संसार पुन्हा मांडल्यावर, थोडी उसंत मिळाल्यावर. संकट नुसते जमीन उकरते, अंकुर फुटायला निवांतपणाही लागतो, हे त्यांच्या कथेतून दिसते. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबले होते. बाकीचे बहुतेक काव्य शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी लिहिले.

ही झाली लिहित्या माणसांची कथा; न लिहित्यांची वेगळी. १८७६ ते ७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत अहमदनगर, औरंगाबाद, जालना या भागांतली शेकडो दलित कुटुंबे मंडळ्यांत आली. पोटासाठी ख्रिस्ती झाले, हा टोमणा त्यांच्या नातवंडांनीही ऐकला आहे. भरल्या पोटी स्वीकारलेला विश्वास शुद्ध आणि उपाशी माणसाचा तेवढा भेसळीचा, असा या टोमण्याचा अर्थ होतो, आणि तो मला मुळीच मान्य नाही. रानात भुकेल्या लोकांना येशूने जेवू घातले होते. दुष्काळात आलेल्या त्या घरांतूनच पुढे शिक्षक, परिचारिका, बायबलबाया आणि पाळक निघाले. दुष्काळ सरल्यावर माघारी फिरलेलेही होते. दोन्ही खरे आहे.

ईश्वरज्ञानाच्या अभ्यासकांनी या प्रश्नाला जी उत्तरे दिली, ती थोडक्यात सांगतो. दुसऱ्या शतकातल्या इरेनेयसचे म्हणणे असे, की माणूस पूर्ण घडलेला निर्माण झाला नाही, तो घडत जातो. तोच धागा धरून जॉन हिक यांनी १९६६ च्या ग्रंथात हे जग आत्म्याची घडण होण्याचे ठिकाण आहे, असा सिद्धान्त मांडला. पण पाळण्यातच मेलेल्या बाळाची कोणती घडण झाली, या प्रश्नापुढे तो अडखळतो. सी. एस. लुइस यांनी १९४० मध्ये वेदनेवर तर्कशुद्ध पुस्तक लिहिले. वीस वर्षांनी पत्नी कर्करोगाने गेली तेव्हा टोपणनावाने जी टिपणे छापली, त्यांत देवावर दार बंद केल्याचा आरोपसुद्धा आहे. दोन्ही पुस्तके ख्रिस्तीच आहेत, मला दुसरे अधिक जवळचे वाटते. जर्मनीचे युर्गेन मोल्टमन १९४३ च्या हँबर्गच्या बाँबहल्ल्यात वाचले, शेजारी उभा असलेला मित्र मात्र गेला. युद्धकैदेत त्यांच्या हाती बायबल आले. त्यांच्या १९७२ च्या ग्रंथाचा गाभा असा, की वधस्तंभावर देव दुःखाचे स्पष्टीकरण देत नाही, तो दुःखात उतरतो. मराठी प्रवचनांत हा विचार अजून पुरेसा आलेला नाही, त्याची फार गरज आहे.

मानसशास्त्राने अलीकडे यात लक्ष घातले. अमेरिकेतले तेडेस्की आणि काल्हून यांनी १९९० च्या दशकात आघातानंतरच्या वाढीची कल्पना मांडली आणि ती मोजण्याची प्रश्नावलीही केली. नाती घट्ट होणे, जगण्याची किंमत कळणे, आत्मिक बदल अशी तिची अंगे. ख्रिस्ती प्रवचनकारांनी ती हौसेने उचलली. पण २००९ मध्ये पॅट्रिशिया फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या आघातापूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी ताडून पाहिल्या. आपण वाढलो असे लोक सांगत होते, ते आणि नोंदींतला बदल यांचा फारसा मेळ बसला नाही. केनेथ पार्गामेंट यांचे काम याहून महत्त्वाचे. त्यांनी सुमारे सहाशे वयस्क रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला आणि २००१ मध्ये निष्कर्ष छापले. देवाने मला टाकले, तो मला शिक्षा करतो आहे, या भावनेत अडकलेल्यांत मृत्यूचे प्रमाण इतरांहून जास्त आढळले. रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून त्याच्या आजाराला देवाची शिक्षा म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे.

माणसांनी लादलेल्या दुःखाचा प्रश्न याहून कठीण आहे. दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘आपला वधस्तंभ उचल’ असे सांगणारे पाळक आपल्याकडे होते आणि आहेत. येशूने वधस्तंभ स्वतःहून उचलला होता, दुसऱ्याच्या पाठीवर लादला नव्हता. अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातल्या भाषणात भारतीय ख्रिस्ती ईश्वरज्ञान उच्चवर्णीय चौकटीत अडकल्याचे दाखवले. त्यातून दलित ईश्वरज्ञानाचा प्रवाह वाढला. जातीने दिलेली वेदना शील घडवण्यासाठी देवाने पाठवली, असे म्हणणे म्हणजे अन्याय करणाऱ्याला देवाचा हस्तक ठरवणे आहे. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्माशी बांधल्या. पुढे शीख आणि बौद्धांना त्या मिळाल्या, दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. याबाबत प्रार्थना करावी, आणि अर्ज, मोर्चे, खटलेही करावेत. रमाबाईंनी दोन्ही केले असते.

अन्यायाची क्षमा करणे हेही ख्रिस्ती शील आहे, पण तीही भोगणाऱ्याची असते. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले जाळून मारली गेली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले आणि पुढची काही वर्षे तिथेच राहून कुष्ठरुग्णांचे काम चालवले. त्यांना क्षमा करा असे कुणी बजावले नव्हते. म्हणून त्या क्षमेला वजन आहे.

दुसऱ्याच्या दुःखाबाबत ख्रिस्ती माणसाने काय करायचे, याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. लगेचच १९७२ चा दुष्काळ आला. लोकांना आधी अन्न आणि पाणी हवे होते, म्हणून या दोघांनी त्याच कामाला हात घातला. मग गावातल्या, बऱ्याचदा दलित आणि निरक्षर बायकांना शिकवून आरोग्यसेविका केले. ज्यांना गावात पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांच्या हातून बाळंतपणे होऊ लागली. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दुष्काळाने लोकांचा विश्वास वाढेल म्हणून ते वाट पाहत बसले नाहीत.

या सगळ्या साहित्यात एक मोठी पोकळी आहे. मराठी ख्रिस्ती साक्षी लिहिल्या त्या बहुतेक शिकल्या-सवरल्या, वरच्या जातींतून आलेल्या माणसांनी. दुष्काळात मंडळीत आलेल्या घरांच्या, मुक्तीत वाढलेल्या मुलींच्या, १९७२ साली दुष्काळी कामांवर खडी फोडत उपासना चुकू न देणाऱ्या बायकांच्या साक्षी अजून फारशा कागदावर आल्या नाहीत. १९७२ च्या त्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. मंडळीतल्या तरुणांना माझी विनंती आहे. पुढच्या उपवासकाळात आपल्या गावच्या एका आजीपाशी बसा, तिला काय झाले ते विचारा आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत, तिचा रागसुद्धा न गाळता, लिहून घ्या.